झोपलेल्याला थप्पड मारणारं भूत

(एपिसोडचा मजकूर. बोलताना अडखळलो ते थोडं साफ केलंय, बाकी जसं बोललो तसंच. जमलं तर हेडफोन लावून ऐका, रात्रीचे आवाज त्यातच आहेत.)

आज गप्पा सुरू करायच्या आधी एक आवाज ऐकवतो. वीस सेकंदांचा आहे. फोनचा आवाज वाढवा.

[आवाज: रातकिडे. लांबून काठीची टकटक. थांबते. पुन्हा टकटक, आता जवळ. कुणीतरी घसा खाकरतं. शांतता.]

ऐकलंत? हे रेकॉर्डिंग पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी झालंय. मी तिथेच होतो, पण मी ते ऐकलं दुसऱ्या दिवशी, कारण त्या वेळी मी झोपलो होतो. आणि जिथे झोपलो होतो ना, तिथलं भूत झोपलेल्या माणसाला थप्पड मारतं अशी गेली कित्येक वर्षं ख्याती आहे.

राजस्थानात कोटा. चंबळ नदीच्या काठावर, जरा उंचावर, ब्रिजराज भवन नावाचा जुना वाडा आहे. वाडा म्हणजे आपल्याकडचा चौसोपी नव्हे, पांढरा, मोठाल्या खांबांचा, साहेबी बंगला. १८३०च्या दशकात बांधलेला. कोट्याच्या दरबारात इंग्रजांचा पोलिटिकल एजंट असायचा, त्याची ही रेसिडेन्सी. पुढे तो राजघराण्याकडे आला आणि मग त्याचं हेरिटेज हॉटेल झालं. १९११मध्ये दिल्ली दरबारानंतर इंग्लंडची राणी मेरी कोट्याला आली होती, इतकी जुनी यांची पाहुण्यांची यादी. 'भारतातली झपाटलेली हॉटेलं' असं काहीही यूट्यूबवर टाका, पहिल्या पाचांत हे येणारच. थंबनेलवर लाल डोळ्यांचा गोरा साहेब. बंगल्यात कुणाचेही डोळे लाल नाहीत, मी बघून आलोय.

तुमच्यातले जे मेंबर आहेत त्यांचे आभार, कारण ती एक रात्र माझ्या खिशातून झाली नसती. पण मी तिथे निव्वळ भुतासाठी गेलो नव्हतो. कोट्यात मी दोन वर्षं काढली आहेत. २०१६ ते २०१८. हो, तेच. जेईई.

तर हे भूत मला पहिल्यांदा हॉस्टेलमध्ये भेटलं. माझा रूममेट बीडचा होता. पहिल्याच आठवड्यात एका सीनियरने आम्हाला सगळी गोष्ट सांगितली. नदीकाठी एक बंगला आहे, तिथे एक इंग्रज मेजर मारला गेला, त्याचं भूत रात्री छडी घेऊन फिरतं. कुणाला काही करत नाही. फक्त पहाऱ्यावरचा शिपाई डुलकी घेताना दिसला की खाडकन एक ठेवून देतं. सिगारेट ओढताना दिसला तरी देतं. आणि इंग्लिशमध्ये ओरडतं, झोपू नकोस, ओढू नकोस. एवढंच.

आता गंमत बघा. आमच्या क्लासमध्ये परीक्षा दोन प्रकारच्या, मायनर टेस्ट आणि मेजर टेस्ट. त्यामुळे 'मेजर येतोय' हा वाक्प्रचार आमच्या रूममध्ये दोन वर्षं चालला. रात्री दीड वाजता मॉड्यूलवर मान पडली की बीडवाला माझ्या मानेवर चापट मारायचा. 'मेजर आला रे.' मी त्याला मारायचो. हसायचो आम्ही. घरून फोन आला आणि आईने 'झोपतोस ना वेळेवर?' विचारलं की दोघंही 'हो हो' म्हणायचो. झोप ही चोरून करायची गोष्ट होती. डाउट काउंटरच्या रांगेत उभ्याउभ्या झोपणारी मुलं मी पाहिली आहेत, वहीत बोट घालून, म्हणजे पान हरवू नये म्हणून. बॅच शफल झाली आणि खालच्या बॅचमध्ये गेलो की पहिला विचार हाच यायचा, आपण झोपलो म्हणून झालं हे.

कोट्यातल्या मुलांबद्दलच्या बातम्या तुम्ही वाचता. मी इथे आकडे सांगणार नाही. त्यातल्या एका वर्षी आमच्या गल्लीतल्या हॉस्टेलसमोर ॲम्ब्युलन्स थांबली होती, आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट वेळेवर झाली होती. हे एवढंच सांगतो आणि पुढे जातो. ज्यांना आत्ता तसं काही वाटतंय, त्यांनी हा एपिसोड बंद करून आधी घरी फोन लावा, किंवा १४४१६ला लावा. टेली-मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात. भूत थांबेल.

बीडवाला पहिल्या वर्षानंतर परत गेला. आता मस्त चाललंय त्याचं. त्याने हा एपिसोड ऐकला तर मला फोन करून शिव्या घालेल, तेव्हा पुढे.

आता खरा मेजर. याचं नाव चार्ल्स बर्टन. कोट्याचा पोलिटिकल एजंट. १८५७च्या उन्हाळ्यात नीमचला उठाव झाला तेव्हा तो तिकडे गेला होता. ऑक्टोबरमध्ये कोट्याला परत आला, येताना बायको आणि बाकीची पोरं मागे ठेवली, दोन मुलगे मात्र सोबत आणले. आल्यावर त्याने कोट्याच्या महारावांची, दुसऱ्या रामसिंहांची, भेट घेतली आणि दरबारातले जे लोक इंग्रजांच्या विरोधात आहेत त्यांना शिक्षा करा असा सल्ला दिला. हा सल्ला बाहेर फुटला. कसा फुटला यावर इतिहासाची पुस्तकं वेगवेगळं बोलतात, पण फुटला.

१५ ऑक्टोबर १८५७. कोट्याच्या स्वतःच्या फौजेतल्या पलटणी, नारायण पलटण आणि भवानी पलटण, रेसिडेन्सीवर चालून गेल्या. पुढारी होते लाला जयदयाल आणि मेहराब खान. एक वकील, एक रिसालदार. रेसिडेन्सीतले डॉक्टर मारले गेले. बंगल्यातले नोकरचाकर आणि पहारेकरी निघून गेले. बर्टन, त्याचे दोन मुलगे आणि एक नोकर वरच्या मजल्यावर अडकले, तिथून काही तास लढले, आणि शेवटी तिघं बापलेक मारले गेले. बर्टनचं मुंडकं शहरात फिरवलं.

पुढे जवळजवळ सहा महिने कोटा शहर उठावकऱ्यांच्या ताब्यात होतं. विचार करा, सहा महिने! आपण शाळेत १८५७ म्हटलं की मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी वाचतो. कोट्याचं नाव मला कोट्यात दोन वर्षं राहूनसुद्धा माहीत नव्हतं. मार्च १८५८च्या अखेरीला जनरल रॉबर्ट्सच्या फौजेने शहर घेतलं. महारावांनी बर्टनला वाचवलं नाही म्हणून त्यांच्या तोफांच्या सलामीतल्या तोफा कमी केल्या, म्हणजे इंग्रजांच्या हिशोबात भलताच मोठा अपमान. जयदयाल आणि मेहराब खान पुढे पकडले गेले आणि १८६०मध्ये त्यांना कोट्यातच फाशी दिली.

आता मला सांगा. एका शहरात इतकी माणसं मेली. उठाव करणारे, फाशी गेलेले, शहर परत घेताना कापले गेलेले. आणि भूत झालं कुणाचं? साहेबाचं. एकट्याचं. त्याच्या पोरांचंसुद्धा नाही.

हे मी चेष्टेत बोलतोय असं वाटेल, पण त्या रात्री मी याच गोष्टीवर अडकलो होतो.

[आवाज: मोर. दूरवर ट्रकचा हॉर्न.]

हा मोर हॉटेलच्या हिरवळीवरचा. संध्याकाळचे साडेसहा. मी गेलो ते डिसेंबरात, थंडी होती. नदीकडे तोंड करून लांबच लांब व्हरांडा आहे, वेताच्या खुर्च्या. आतल्या दिवाणखान्यात जुने फोटो, राजे, शिकारी, साहेब लोक, सगळे एका रांगेत उभे आणि कुणीच हसत नाही. याच दिवाणखान्याशी भुताची गोष्ट जोडलेली आहे. १९८०च्या सुमारास कोट्याच्या माजी महाराणींनी ब्रिटिश पत्रकारांना सांगितल्याचं छापून आलंय, की त्यांना तो म्हातारा साहेब हातात छडी घेतलेला बऱ्याचदा दिसलाय. म्हणजे मालकीणबाईंना तो नुसता दिसतो. थप्पड शिपायाला. हेही लक्षात ठेवा.

रात्री जेवलो. जेवणाबद्दल वेगळा एपिसोड होईल, आत्ता नको. साडेदहाला खोलीत रेकॉर्डर लावून बसलो. तासभर काही नाही. पंख्याचा पण आवाज नाही, कारण थंडी. एकदा दार कुरकुरलं आणि माझी अक्षरशः टरकली, खोटं कशाला बोलू. उठून बघितलं तर माझ्याच बॅगेचा पट्टा दारात अडकलेला. ते रेकॉर्डिंग आहे, त्यात मी जे बोललोय ते ऐकवण्यासारखं नाही.

मग मी विचार केला, भूत जर पाहुण्यांना मारतच नाही, तर खोलीत बसून काय उपयोग? ते ज्याला मारतं त्याच्याजवळ बसायला पाहिजे. म्हणून शाल घेतली, रेकॉर्डर घेतला आणि व्हरांड्यात आलो. रात्रीच्या पहाऱ्यावरचे चाचा भेटले. पन्नाशी उलटलेली, कानाला मफलर, हातात काठी, खाली लोखंडी टोपण असलेली. त्यांच्या परवानगीने आवाज ऐकवतोय. नाव सांगणार नाही.

['पढ़ने आए थे क्या यहाँ?'
'हाँ, दो साल।'
'हो गया था सिलेक्शन?'
'नहीं।'
'कोई बात नहीं।']

कोट्यात हा प्रश्न सगळे विचारतात, रिक्षावाले, कचोरीवाले, सगळे. पण 'कोई बात नहीं' इतक्या सहज म्हणणारा मला तिथे पहिलाच माणूस भेटला. सात वर्षं उशिरा भेटला, एवढंच.

मी विचारलं, तुम्हाला कधी बसली का थप्पड? ते हसले. म्हणाले, मला नाही, माझ्याआधी जो होता त्याला बसली होती. तुम्ही बघितलं? नाही, त्याने सांगितलं. मग त्याला भूत दिसलं का? नाही, त्याला मागून बसली. आणि त्याच्याही आधीच्याला बसली होती म्हणे. अशी ती थप्पड पिढ्यान्‌पिढ्या मागेमागे जाते. मी विचारलं, तुम्ही मानता? ते म्हणाले, मानायला काय जातंय, झोप येत नाही.

हे बोलून ते फेरी मारायला गेले आणि मी तिथेच बसून राहिलो. समोर काळी नदी. नदीपलीकडे कुन्हाडीच्या बाजूला उंच इमारतींचे दिवे. ती हॉस्टेलं आहेत. रात्रीचा दीड वाजलेला, आणि खिडक्याच खिडक्या पेटलेल्या. मी मोजायला सुरुवात केली होती, चाळिसाच्या पुढे सोडून दिलं.

आता एक गोष्ट सांगतो जी मी पॉडकास्टवर कधी सांगितलेली नाही. माझे बाबा वॉचमन होते.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे, शिरोड्याजवळ आरवली. बाबा डोंबिवलीत एमआयडीसीत होते, ती कंपनी बंद पडली, मग सिक्युरिटी एजन्सीत लागले. एका हाउसिंग सोसायटीच्या गेटवर, रात्री आठ ते सकाळी आठ. माझी कोट्याची फी स्कॉलरशिप टेस्टमुळे कमी झाली होती, उरलेली मामाने भरली, हॉस्टेलचे पैसे बाबांच्या पगारातून यायचे. दुसऱ्या वर्षी जानेवारीत बाबांचा फोन आला, म्हणाले जागा बदलली, आता दुसरीकडे ड्युटी. मी म्हटलं बरं. मला काय, माझी मेजर टेस्ट होती.

खरं काय झालं ते मला उन्हाळ्यात चुलत भावाने दाखवलं. त्याच्या मित्राच्या घरचे त्याच सोसायटीत राहायचे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला होता. पहाटे चार दहाचा. ट्यूबलाइटखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाबा, मान मागे टाकलेली, तोंड उघडं. खाली लिहिलेलं, 'आपण पैसे कशाचे भरतो?' त्यावर अंगठे. कुणीतरी हसणारे चेहरे टाकलेले. एकाने लिहिलं होतं, 'उठवू नका, स्वप्न मोडेल.' आदल्या दिवशी बदली माणूस आला नव्हता म्हणून बाबांनी दिवसपाळी पण केली होती, म्हणजे त्या फोटोत ते सलग विसाव्या तासाला बसलेले होते. हे ग्रुपवर कुणी लिहिलं नाही, कारण हे कुणाला माहीतच नव्हतं. दोन दिवसांत काम गेलं.

मी तो फोटो डिलीट करायला सांगितला भावाला. त्याने केला. पण असा फोटो डिलीट होतो का? तुम्ही सांगा.

त्याच रात्री त्याच चार वाजता मी कदाचित जागा असेन. असेनच. आम्ही दोघं बापलेक, एक इकडे एक तिकडे, जागं राहायचे पैसे देत आणि घेत होतो. हे मला व्हरांड्यात बसल्यावर पहिल्यांदा नीट दिसलं. मला त्या मेजरचा इतका राग आला म्हणून सांगू! दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा. मी त्या अंधाऱ्या व्हरांड्यात चक्क मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो. तू कोण रे? तुझा पगार कोण देतो?

आणि मग मला वेतोबा आठवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्या आरवलीला वेतोबाचं मंदिर आहे. उंचापुरा, उभा देव. त्याला नवस फेडताना केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या चपला वाहतात. साध्या नाहीत, देवाच्या मापाच्या, ह्या एवढ्या मोठ्या. का, तर वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात. माझ्या आजीने मला लहानपणी त्या चपलांचे तळवे दाखवले होते, बघ, झिजल्या की नाही. मला झिजल्यासारख्या दिसल्या होत्या. कोकणात आणि गोव्यात गावोगाव असे राखणदार आहेत. कुणी देवचार म्हणतं. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. रात्री वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो म्हणतात.

दोघंही रात्रीचे फिरतात. दोघांच्याही हातात काठी. पण वेतोबा स्वतःच्या चपला झिजवतो, गावाला झोपता यावं म्हणून. हा साहेब फिरतो तो कोण झोपलंय ते बघायला. आजी रात्री भीती वाटली की म्हणायची, 'वेतोबा फिरताहा, तू नीज.' कोट्यात आम्हाला सांगायचे, मेजर फिरतोय, तू झोपू नकोस.

मी काही भूत खरं की खोटं हे ठरवायला बसलो नाहीये. आमच्या घरात वेतोबाचा फोटो आहे आणि मी त्याला नमस्कार करून ट्रेनमध्ये बसतो. मग साहेबाचं भूत तेवढं खोटं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? मला एवढंच विचारायचंय, की ही गोष्ट सांगून कुणाचं काम होतं. पहाऱ्यावरच्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगितली की त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा माणूस ठेवावा लागत नाही. कॅमेऱ्याच्या आधीचा कॅमेरा आहे तो.

तेवढ्यात चाचा चहा घेऊन आले. स्टीलच्या पेल्यात, भरपूर आलं. दोघांनी मिळून प्यायला. मी त्यांना वेतोबाच्या चपलांचं सांगितलं, त्यांना ते फार आवडलं. 'कौन सा नंबर आता है?' विचारलं त्यांनी. मला सांगता येईना. मग ते पुन्हा फेरीला गेले, आणि मी नदीकडे बघत बघत, खुर्चीत, रेकॉर्डर चालू ठेवून, झोपलो.

थप्पड बसली नाही. सुरुवातीला ऐकवला तो आवाज चाचांच्या काठीचा आहे. ३ वाजून ४० मिनिटांनी ते माझ्याजवळ आले, थांबले, घसा खाकरला, आणि पुढे गेले. आधी मी हे रेकॉर्डिंग भूत म्हणून तुम्हाला पाच मिनिटं घाबरवायला वापरणार होतो. एडिट करून बघितलंसुद्धा. पार्श्वसंगीत टाकलं की भयंकर वाटतं ते. पण एखादा माणूस आपण झोपलेलो असताना जवळ येऊन थांबतो, बघतो आणि आपल्याला उठवत नाही, त्याला भुताचं संगीत लावायला माझा हात होईना.

सकाळी सात वाजता बाबांना फोन केला. ते आता गावी असतात, लवकर उठतात. त्यांना सगळं सांगितलं. बंगला, मेजर, थप्पड, १८५७, पलटणी, काही तासांची लढाई. फोटोचं आम्ही कधीच बोललेलो नाही, त्या दिवशीपण नाही बोललो. ते नीट ऐकत होते. मग म्हणाले, 'आणि त्येचे पहारेकरी खंय गेलले?'

मी म्हटलं, ते निघून गेले. पळाले. म्हणून तर भूत पहारेकऱ्यांवर चिडलंय ना. झोपतात म्हणून मारतं.

बाबा हसले. म्हणाले, 'निजलले नाय रे ते. जागेच होते. जागो माणूस पळता. निजललो खंय पळतलो?'

मंडळी, मी तिथे व्हरांड्यात हातात फोन घेऊन उभा राहिलो. मी पुस्तकं वाचून गेलो होतो, तारखा पाठ करून गेलो होतो, आणि ही गोष्ट मला दिसली नव्हती. त्या दिवशी कोट्यात कुणाचाही डोळा लागलेला नव्हता. चालून आलेले होते ते त्याच राज्याचे शिपाई. जे निघून गेले त्यांनी ठरवलं, की या माणसासाठी आपण मरायचं नाही. आणि याची गोष्ट बनताना काय बनली? पहारेकरी झोपतात, त्यांना मारलं पाहिजे. उठावाची डुलकी करून टाकली. रात्रपाळीतली चूक!

हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. गोष्टी सांगतासांगता तशा होतात, प्रत्येक जण आपल्याला कळेल तेवढी पुढे देतो. मला स्वतःला ती तशीच मिळाली, मी बीडवाल्याच्या मानेवर ती वापरली, आणि तेव्हा मजा आली होती.

निघण्याआधी मी नयापुऱ्यातल्या जुन्या इंग्रजी दफनभूमीकडेही गेलो. बर्टन तिथे आहे, पोरांसकट. दगड बघून राग टिकत नाही हो. दोन तरुण मुलगे बापाबरोबर मेलेत, एवढंच राहतं समोर. जयदयाल आणि मेहराब खान यांच्याबद्दल मी स्टेशनवर जाताना रिक्षावाल्याला विचारलं. त्याला नावं माहीत होती. मग त्याने विचारलं, 'आपका सिलेक्शन हुआ था?'

बाबांचा फोन राहिला. त्यांना मी विचारलं, तुम्ही असतात तर काय केलं असतं, थांबला असतात की पळाला असतात? ते म्हणाले, पगार वेळेवर देत होतो की नाय तो साहेब, त्येच्यावर आसा. मग विचारलं, 'च्या घेतलंस?' म्हटलं, घेतला. 'रात्रभर जागो होतंस?' म्हटलं, थोडा झोपलो, खुर्चीत.

'मग आता वायच नीज,' म्हणाले. 'गाडी किती वाजता आसा?'

गाडी दुपारची होती. खोलीत गेलो, अकरापर्यंत झोपलो. चेकआउटला उशीर झाला, त्याबद्दल हॉटेलवाल्यांनी काही म्हटलं नाही.

तर हा आजचा एपिसोड. तुमच्या हॉस्टेलमध्ये, कॉलेजात, गावाच्या वेशीवर असं कुठलं भूत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, पण ते भूत नक्की कुणाला त्रास देतं आणि कुणाला देत नाही, तेवढं विचारून पाठवा. पुढच्या वेळी आरवलीहून बोलतो. बाबांना सोबत घेणार आहे, आणि त्या चपलांचा नंबर विचारून येणार आहे, चाचांना कळवायचाय.

[आवाज: काठीची टकटक, दूर जात.]